पाणी सोडलंय, हे सांगायचं कोणी?

पुण्यात जुलै उजाडला की सगळ्यांना एकदम टीएमसी कळायला लागतं. एरवी स्वतःच्या गच्चीवरच्या टाकीत किती लिटर पाणी मावतं याचा पत्ता नसलेला माणूससुद्धा "साखळी साठ टक्के भरली बरं का" असं क्रिकेटच्या स्कोअरसारखं सांगत सुटतो. साखळी म्हणजे खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर. चारही काठोकाठ भरली की २९.१५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. हे एवढं पाठ असलं की पुणेकर म्हणून मिरवायला हरकत नाही.

पण धरणात किती आलं हे जितकं चटकन कळतं, तितकं धरणातून किती सोडलं आणि ते आपल्या गल्लीच्या तोंडाशी किती वाजता येणार, हे कळत नाही. कळलंच तर फार उशिरा कळतं. गावाच्या कारभाऱ्यांना ठाऊक असलेली गोष्ट त्याच गावात राहणाऱ्या माणसाच्या कानावर वेळेत घालायची, एवढंच हे काम. आमच्या धंद्यात याला नोटिफिकेशन म्हणतात आणि ते फुकटात मिळतं असं सगळे धरून चालतात. पुण्याच्या बाबतीत त्याची काय किंमत मोजावी लागली, ते जरा मागून सुरुवात करून बघू.

पूर्वी गावात काही कळवायचं असेल तर दवंडी. ढोल किंवा हलगी वाजवत एक माणूस चौकाचौकात जाणार, "ऐका हो ऐका" म्हणणार आणि हुकूम सांगून पुढच्या चौकात जाणार. आपण हसतो त्याला, पण डिझाईन म्हणून दवंडी वाईट नव्हती. वाचता येण्याची अट नाही, निरोप थेट दारात येतो, आणि सांगणारा माणूस समोर उभा असल्यामुळे "म्हणजे नक्की कधी रे?" असं विचारता येतं. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पुण्याची नगरपालिका स्थापन झाली ती १८५७-५८ च्या सुमाराला. सुरुवातीला सगळे सभासद सरकारने नेमलेले, त्यामुळे लोकांना काही सांगण्याची निकड कोणाला असायचं कारणच नव्हतं. तरी त्यातही एक माणूस निघाला. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात नगरपालिकेचे सभासद होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून शहर सजवायला हजार रुपये खर्च करायचा प्रस्ताव आला. बत्तीस सभासदांत विरोधात मत एकट्या फुल्यांचं. लोकांच्या कराचा पैसा अशा थाटामाटावर कशाला, हा साधा हिशोब. ही गोष्ट आज आपल्याला माहीत आहे कारण ती कुठेतरी लिहून राहिली. नाहीतर मंजूर झालेल्या शेकडो ठरावांसारखा हाही एक ठराव.

नंतर रिपन साहेबांचं १८८२ चं धोरण आलं, निवडून दिलेले सभासद आले, आणि मग प्लेग. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी रँडच्या हाताखाली जी समिती बसली, तिने घरं तपासायला गोऱ्या सोजिरांना पाठवलं. त्याबद्दल शाळेच्या पुस्तकात सगळ्यांनी वाचलंय, चापेकर बंधू, २२ जूनची रात्र, सगळं. मला इथे एक वेगळाच, जरा बाजूला पडलेला भाग महत्त्वाचा वाटतो. त्यावेळी गोपाळ कृष्ण गोखले इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर त्यांनी तिथे सोजिरांच्या वागणुकीबद्दल गंभीर आरोप जाहीरपणे केले. परत आल्यावर पुरावा मागितला गेला, पण पत्रं लिहिणाऱ्यांपैकी कोणी पुढे येईना. शेवटी गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली, आणि त्यावरून स्वकीयांनीच त्यांना इतकं सोलून काढलं की पुढची काही वर्षं त्यांना ते पुरलं.

हेच गोखले १९०२ मध्ये पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. आणि त्यांनी काय केलं, तर नगरपालिकेच्या सभांचं कामकाज छापून प्रसिद्ध करायची पद्धत पाडली. आता हे आणि ते मी जोडतोय, त्यांनी स्वतः जोडलेलं माझ्या वाचनात नाही. पण ऐकीव माहितीने ज्याचे हात एकदा असे पोळलेत, तो खुर्चीवर बसल्यावर सगळं काळ्यावर पांढरं करायच्या मागे लागला तर मला नवल वाटत नाही. सभेत कोण काय बोललं हे बाहेरच्या माणसाला वाचता येणं ही त्या काळात छोटी गोष्ट नव्हती. (आजही नाहीये म्हणा.)

असो. फार मागे रमायला नको. १५ फेब्रुवारी १९५० ला नगरपालिकेची महानगरपालिका झाली. आकाशवाणीचं पुणे केंद्र १९५३ ला सुरू झालं. म्हणजे १९६१ सालच्या पुण्यात निवडून आलेली महापालिका होती, जिल्हाधिकारी होते, पोलीस होते, लष्कराचं मोठं ठाणं होतं, रेडिओ होता, रोजची वर्तमानपत्रं होती, थोडे का होईना टेलिफोनही होते. निरोप पोचवायला लागणारं बहुतेक सगळं सामान हजर होतं.

पानशेतचं धरण मुठेची उपनदी असलेल्या अंबी नदीवर. मातीचं धरण. काम १९५७ ला सुरू झालेलं, पुरं व्हायचं होतं १९६२ मध्ये. पण १९६१ च्या पावसाळ्यातच पाणी अडवायचं ठरलं आणि कामाची घाई झाली. पाणी बाहेर काढण्याच्या भुयारी मोरीचं काम अर्धवट, तिच्या दरवाज्यांची उचलण्याची यंत्रणा अर्धवट, आणि मोरीला लोखंडी सळयांच्या काँक्रीटऐवजी साध्या काँक्रीटचे ठोकळे. त्यात जुलैच्या सुरुवातीला पाऊस लागला तो असा की धरण भराभर भरत गेलं. मोरीतून पाणी प्रचंड जोरात जायला लागलं, हादरे बसायला लागले आणि मोरीच्या वरचा मातीचा भराव खचू लागला. बग असलेला कोड प्रॉडक्शनला टाकून वर सीझनचा पूर्ण लोड दिला, असं म्हणायचा मोह होतोय. पण इथे रिस्टार्टची सोय नव्हती.

११ जुलैला धरणावर लष्कराचे जवान पोचले होते. रात्रभर, त्या पावसात, त्यांनी खचणाऱ्या भरावावर वाळूची पोती रचली. धरण वाचलं नाही. पण ते मध्यरात्री न फुटता १२ तारखेला सकाळी सात-साडेसातच्या सुमाराला फुटलं, याचं श्रेय पुण्यात आजही त्या जवानांना देतात आणि ते रास्तच आहे. झोपेत असलेल्या नदीकाठच्या पेठांवर तेच पाणी रात्री आलं असतं तर काय झालं असतं याची कल्पना करवत नाही.

आता इथे जरा थांबा. धरण धोक्यात आहे ही माहिती आदल्या दिवशी अस्तित्वात होती. ती इतकी पक्की होती की तिच्यावर लष्कर हललं. धरणापासून पुणे चाळीसेक किलोमीटर. मध्ये खडकवासल्याचं दगडी धरण, १८७९ चं, तेही त्या आठवड्यात भरलेलंच. म्हणजे पानशेत गेलं तर खडकवासल्यावर एवढा लोंढा येणार आणि तेही टिकणं कठीण, हा हिशोब करायला मोठा तज्ज्ञ नको. आणि बुधवार, १२ जुलैच्या सकाळी पुणं काय करत होतं? नेहमीसारखं उठत होतं. दूध आलं, पोरं शाळेला निघाली, माणसं कचेरीला निघाली.

नदीकाठच्या काही भागांत सकाळी पोलिसांच्या गाड्या लाउडस्पीकरवरून सांगत फिरल्या. शनिवार, नारायण पेठेतली जुनी माणसं याबद्दल सांगतात तेव्हा दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. एक म्हणजे, "पूर येणार" एवढंच कळलं, धरण फुटलंय हे कळलं नाही. आणि दुसरी, पूर म्हटल्यावर लोक पूर बघायला नदीवर गेले! हे ऐकून आपल्याला लोकांचा राग येतो, पण जरा विचार केला तर त्यात त्यांची काय चूक? मुठेला पूर दर पावसाळ्यात यायचा. पूर बघायला जाणं हा पेठांतला जुना करमणुकीचा प्रकार. "पूर येणार" या दोन शब्दांत पायरीला पाणी लागणंही बसतं आणि दुसरा मजला बुडणंही बसतं. निरोप पोचला होता, पण त्यात जो एक आकडा हवा होता, किती उंच, किंवा निदान "कधी नव्हे एवढा", तोच नव्हता. दवंडीवाल्याला हटकून विचारता आलं असतं. गाडी भोंगा वाजवत पुढे गेली.

दुपारी खडकवासलाही फुटलं. लकडी पूल, नवा पूल पाण्याखाली गेले, नदीकाठच्या पेठांत पाणी वाड्यांच्या वरच्या मजल्यांपर्यंत चढलं, मातीच्या भिंतींचे वाडे विरघळल्यासारखे बसले. काही जुन्या इमारतींवर त्या दिवशीच्या पातळीच्या खुणा अजून आहेत. कधी पेठांतून चालत जाताना मान वर करून बघा, म्हणजे नदी कुठे आणि ती खूण कुठे हे लक्षात येईल. किती माणसं गेली याबद्दल तेव्हाही वाद होता, आजही आहे. मी आकडा लिहीत नाही.

आणि मग उलटाच प्रॉब्लेम. शहराला नळाने पाणी यायचं ते खडकवासल्याहून. ते धरणच वाहून गेल्यावर सगळं शहर पाण्यात बुडून दुसऱ्या दिवशी पिण्याच्या पाण्याला महाग. वीजही नाही. आता प्रत्येक पेठेला रोज कळायला हवं होतं: टँकर कुठे, धान्य कुठे, लस कुठे टोचतात, आपलं माणूस कोणत्या शाळेत ठेवलंय. पूर येण्याआधीच्या निरोपात जे गचाळ काम झालं, त्यामानाने पुरानंतरच्या कामाचं नाव आजही चांगलं निघतं, आणि त्यात मोठा वाटा स. गो. बर्वे यांचा. हे आयसीएस अधिकारी, आधी पुणे महापालिकेचे आयुक्त राहिलेले, म्हणजे शहराच्या गल्ल्या ओळखणारे. पुनर्वसनाची सूत्रं त्यांच्याकडे दिली गेली. लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर ही नावं आज आपल्याला नुसते बसचे स्टॉप वाटतात, पण ती मुळात पूरग्रस्तांसाठी उभ्या राहिलेल्या वस्त्यांची. बर्वे पुढे नोकरी सोडून १९६२ ला शिवाजीनगरमधून आमदार झाले, राज्याचे अर्थमंत्री झाले. पुणेकरांनी त्यांचं नाव चौकाला दिलं, आणि पुणेकर सहजासहजी कोणाला चौक देत नाहीत.

चौकशीचं काय झालं? आधी न्यायमूर्ती बावडेकरांचा आयोग नेमला. चौकशी चालू असतानाच बावडेकरांनी आत्महत्या केली. मग न्यायमूर्ती नाईक आयोग. धरण का फुटलं, यावर शेकडो पानं लिहिली, बोलली गेली. मला नेहमी वाटतं की शहराच्या सामुदायिक आठवणीतही तोच प्रश्न मोठा होऊन बसला: कोणी फोडलं, कोणाची घाई, कोणाचं लोखंड. तो महत्त्वाचा आहेच. पण "सांगितलं का नाही?" हा प्रश्न घराघरात विचारला गेला आणि घराघरातच राहिला. कारण तो नक्की कोणाला विचारायचा हेच ठरलेलं नव्हतं. धरण पाटबंधारे खात्याचं, जिल्हा जिल्हाधिकाऱ्यांचा, लाउडस्पीकर पोलिसांचा, रेडिओ दिल्लीचा, आणि बुडणारी गल्ली तेवढी महापालिकेची.

यानंतरची पन्नास वर्षं मी झपाट्याने उरकतो, कारण कागदावर सगळं छानच झालंय. पानशेत पुन्हा बांधलं. नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखल्या गेल्या. निळी म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा. मुठेसाठी निळीचा आकडा ६० हजार क्युसेक, लालचा एक लाख. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांच्या वरच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या, म्हणजे कारभार मोहल्ल्याच्या जवळ यावा म्हणून. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांना बजेटमध्ये आपल्या भागातली कामं सुचवता येतात. माहिती अधिकाराचा कायदा महाराष्ट्रात केंद्राच्या आधीच आला, मग २००५ चा केंद्राचा आला, आणि त्यातलं कलम ४ म्हणतं की लोकांनी मागायची वाट न बघता खात्याने आपणहून माहिती जाहीर करावी. पुणे महापालिकेत दर सोमवारी दुपारी जाऊन फायली बघायची सोय सुरू झाली, आणि २०१८ मध्ये राज्य सरकारने तशीच सोय सगळीकडे करायचा आदेश काढला. सोमवारी तीन ते पाच. नोकरी करणाऱ्या माणसाने जावं कसं हा भाग वेगळा, पण सोय आहे आणि चिकाटीच्या माणसांनी तिचा भरपूर उपयोग केलाय.

यातली गंमत अशी की ही जवळजवळ सगळी पुल सिस्टिम आहे. आपण जायचं, मागायचं, बघायचं. पाण्याच्या बाबतीत पुश लागतो.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा फुटून वाहिला. कात्रजपासून अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी, दांडेकर पुलापर्यंत. वीसच्या वर माणसं गेली. तिथे धरणाचा प्रश्नच नव्हता. डोंगरावर पाऊस पडला आणि तासाभरात ओढ्यात उतरला. त्यामुळे ती केस अवघड होती असं मी मानतो.

२५ जुलै २०२४ ची नव्हती. रात्रभर पाऊस झाला, खडकवासल्यातून विसर्ग वाढवत नेला, पहाटे तो सुमारे ३५ हजार क्युसेकवर गेला, आणि सिंहगड रोडच्या एकतानगरी भागात लोक पहाटे उठले ते पार्किंग बुडालेलं बघूनच. गाड्या गेल्या, तळमजले गेले, होड्या आणून म्हातारी माणसं बाहेर काढली. पुलाच्या वाडीत त्याच पहाटे विजेचा धक्का बसून तीन जण गेले. नंतर महापालिका आणि पाटबंधारे खातं यांच्यात कोणी कोणाला किती वाजता किती क्युसेक कळवलं यावरून जाहीर वाद झाला. मी दोन्ही बाजू वाचल्या. दोन्ही बाजू आपापल्या परीने खरं बोलत असाव्यात असं मला वाटतं, आणि तेच जास्त काळजीचं आहे. "मी मेसेज पाठवला" आणि "मला कळलं" यांच्यातलं अंतर ज्याने कधी दोन सर्व्हर एकमेकांशी बोलायला लावलेत त्याला सांगायला नको. पोच आल्याशिवाय निरोप गेला असं धरायचं नसतं. इथे तर खात्याने महापालिकेला, महापालिकेने क्षेत्रीय कार्यालयाला, त्यांनी सोसायटीला, सोसायटीने वॉचमनला आणि वॉचमनने तळमजल्यावरच्या आजोबांना, असे पाच टप्पे, आणि वेळ पहाटे चार. त्यातून मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यामुळे शहरात तेव्हा नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. नगरसेवकांना आपण कितीही नावं ठेवली तरी रात्री दीडला फोन करून शिव्या देता येतील असा भागातला एक माणूस म्हणजे तोच. तोही टप्पा गळालेला.

आणि आकडा. "३५ हजार क्युसेक" म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे शंभर टँकर, दर सेकंदाला. हे ऐकलं की छाती दडपते, पण एकतानगरीत राहणाऱ्या बाईंना त्यातून काय कळणार? त्यांना हवंय ते इतकंच: या विसर्गाला आपल्या गेटपाशी पाणी येतं की नाही, आणि येत असेल तर खडकवासल्यापासून किती वेळात. निळ्या रेषेचा आकडा ६० हजार. पाणी घरात शिरलं ३५ हजारांना. म्हणजे नकाशावर रेषेच्या आत का बाहेर एवढ्यावर विसंबून निवांत झोपलेला माणूससुद्धा त्या रात्री फसला असता. नदीपात्रातले भराव, पात्रात आलेलं बांधकाम, धरणाखाली पडलेला पाऊस, कारणं बरीच सांगितली गेली. पण मग जुना आकडा आजच्या नदीला लागू नाही हे त्या काठावरच्या लोकांना त्या रात्रीच्या आधी कोणीतरी सांगायला हवं होतं ना?

अवघड नाहीये हो हे. दर पावसाळ्यात १५ हजारांना कुठे पाणी आलं, २५ हजारांना कुठे, ३५ ला कुठे, याचे फोटो, तारखा, वेळा सगळं उपलब्ध आहे. भिडे पूल कितीला बुडतो हे पुण्यातलं शेंबडं पोर सांगतं. तशीच एक पाटी प्रत्येक नदीकाठच्या सोसायटीच्या गेटवर लावता येईल: इतके हजार सोडले की पाणी इथे, पोचायला इतका वेळ, गाड्या काढायच्या त्या रस्त्याने. आकडे दर वर्षी पुसून नवे लिहायचे. त्याखाली पहाटे चार वाजता फोन उचलणाऱ्या एका माणसाचा नंबर. पेठांतल्या भिंतींवर १९६१ च्या खुणा आहेतच, पण त्या पाणी ओसरल्यावर काढलेल्या.